लोहमार्ग निरीक्षक : कार्य व पात्रता यांचा ऐतिहासिक आढावा

भारतीय रेल्वेचा इतिहास बहुधा उद्घाटनांच्या तारखांनी सांगितला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी गाडी धावली. १८६३ मध्ये भोर घाटाचा मार्ग खुला झाला. परंतु याच घाटातील एक दगडी पूल अवघ्या चार वर्षांत, १८६७ साली कोसळला. मार्ग बांधणे आणि तो सुरक्षित राखणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दुसऱ्या कार्याची जबाबदारी परमनंट वे इन्स्पेक्टर, अर्थात ‘पी.डब्ल्यू.आय.’ याच्याकडे होती. रुळांमधील १६७६ मि.मी. अंतर, त्यांची समपातळी, खडी, स्लीपर व फिशप्लेट यांची तपासणी तो ट्रॉलीवरून वा पायी करीत असे. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात, तर पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात; म्हणून ऋतुमानानुसार गस्तीची आखणी करावी लागे. मुकादम, कीमन व गँगमन त्याच्या हाताखाली असत.

वसाहतकाळात पर्यवेक्षकाची पदे प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियनांकडे, तर अंगमेहनत भारतीयांकडे होती. स्वातंत्र्योत्तर काळात स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका वा पदवी ही थेट भरतीची पात्रता ठरली आणि पुढे पदनामही ‘सेक्शन इंजिनिअर’ असे झाले. तथापि रोज रूळ चालत जाणाऱ्या कीमनचे अनुभवजन्य ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रात नोंदले गेले नाही. रेल्वेच्या इतिहासलेखनात या ज्ञानालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.