भोकाची कुळकथा

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात पैठणी मिळते. मोर, पोपट, आसावली, नारळी काठ, सगळं साग्रसंगीत असतं आणि किंमत इतकी कमी असते, की घेणाऱ्या बाईला काय ते न सांगता कळतं. दुकानदारही लपवत नाही, सरळ 'सेमी' म्हणतो. येवल्याच्या पदरावरचा मोर विणकर तिल्ल्या फिरवत, रंगारंगाचा धागा हातानं गुंफत उभा करतो. सुरतेतला मोर फाइलमधून उतरतो. ही फाइल हातात पडली की कारखानदाराची पहिली चौकशी मोराच्या पिसाऱ्याबद्दल नसते. फाइल जेसी५ आहे की ईपी, हे त्याला आधी हवं असतं. थोडक्यात, माझ्या मशीनवर ही चालेल का?

गेम विकत घेणाऱ्या पोराचाही हाच प्रश्न असतो. विंडोजवर चालतो, मॅकवर येत नाही, लिनक्सवर खटपट केली तर चालेल. यावरून रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांना वाटतं, हे भांडण गेट्स आणि जॉब्स यांच्यापासून सुरू झालं. प्रत्यक्षात ते विजेच्याही आधीचं आहे. रेशमाच्या मागावर, पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकातून ते जन्माला आलं.

भोकाआधी काय होतं? मागावर दोन माणसं लागत. खाली विणकर आणि वर किंवा बाजूला बसून नक्षीच्या दोऱ्या ठरल्या क्रमानं ओढणारा मदतनीस, बहुधा पोरगा किंवा पोरगी. कुठल्या बाण्याला कुठले ताण्याचे धागे उचलायचे हे दोऱ्यांच्या गुंत्यात आणि माणसांच्या अंगवळणी साठवलेलं असे. म्हणून नक्षी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर माणसं न्यावी लागत. सुरतेच्या तांचोईची गोष्ट अशीच सांगतात. तिघे पारशी भाऊ चीनला गेले, तिथल्या उस्तादाकडे ती वीण शिकले आणि परत येऊन विणू लागले. दंतकथेचा भाग किती हे सोडा, पण कौशल्य समुद्र ओलांडतं ते माणसाच्या बोटांत बसून, हे त्या काळाला धरूनच आहे.

फ्रान्समधल्या लियों शहरात हे बदललं. १७२५ मध्ये बासील बूशों यानं भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी मागाला लावली. तीन वर्षांनी फाल्कों यानं कागदाऐवजी एकमेकांना शिवलेल्या पुठ्ठ्यांची माळ केली. म्हणजे एक बाणा चुकला तर सगळी गुंडाळी टाकायला नको, एक पुठ्ठा बदलला की झालं. १७४५ च्या सुमारास व्होकांसोंनं दोऱ्या ओढणाऱ्या पोराची गरजच संपवणारं यंत्र केलं, पण ते कुणी फारसं वापरलं नाही. जोसेफ मारी जकार्द हा माणूस या सगळ्यांनंतरचा. १८०४-०५ च्या सुमारास त्यानं या तिघांच्या कल्पना एका यंत्रात जुळवल्या. तेही धड चालेना. पुढच्या दहा-बारा वर्षांत ब्रेतों नावाच्या कारागिरानं त्यात दुरुस्त्या केल्या, तेव्हा कुठे ते कारखान्यात टिकलं. नाव मात्र जकार्दचं राहिलं आणि सुरतेत आजही 'जेकार्ड' म्हणूनच नांदतं. श्रेयाच्या बाबतीत सॉफ्टवेअरवाल्यांचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे असं कुणी म्हणू नये.

यंत्राची रीत एकदा नीट पाहिली की पुढचं सगळं सोपं होतं. ताण्याचे धागे दोऱ्यांनी वरच्या हुकांना बांधलेले असतात आणि प्रत्येक हूक एका आडव्या सुईच्या वळशातून जातो. पुठ्ठ्याचं कार्ड या सुयांवर येऊन दाबतं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी पाती त्याला धाग्यासकट उचलते. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक पातीवरून सुटतो, धागा खाली राहतो. मधून धोटा गेला की एक बाणा झाला, मग पुढचं कार्ड. हो किंवा नाही, उचल किंवा सोड, एवढंच. १८३९ मध्ये लियोंमध्ये जकार्दचंच एक रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत इंग्लंडात चार्ल्स बॅबेजकडे होती आणि पाहुण्यांना तो ती कौतुकानं दाखवी. गणिती यंत्राला हुकूम देण्यासाठी त्यानं कार्डंच निवडली होती. एडा लव्हलेसनं १८४३ च्या आपल्या टिपणांत त्याचं यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं असं सुचवलं, ते यामुळेच.

पण माझ्या मते या कुळकथेतला मोठा प्रसंग यंत्राचा नसून कायद्याचा आहे. १८०५ मध्ये नेपोलियन लियोंला येऊन गेला आणि जकार्दचं यंत्र सार्वजनिक मालमत्ता ठरलं. जकार्दला पेन्शन आणि लागणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे काही फ्रँक मिळाले, यंत्र कुणीही बनवावं. त्यामुळे ते झपाट्यानं पसरलं. लगेच पुढच्या वर्षी, मार्च १८०६ मध्ये, लियोंसाठीच कायदा आला आणि कापडाच्या नक्षीची नोंद करून तिची मालकी सांगायची सोय झाली. म्हणजे यंत्र सर्वांचं, नक्षी ज्याची त्याची. आपण आज हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर म्हणून जी फाळणी करतो ती दोन वर्षांत कागदावर उतरली होती. यंत्रावरून माणूस काढला आणि त्याचं डोकं पुठ्ठ्यावर वेगळं ठेवलं, तर त्या पुठ्ठ्याचा मालक कोण हे ठरवावंच लागलं.

आणि पुठ्ठा वेगळा झाला म्हणजे तो कुणाच्या यंत्रात बसतो हा प्रश्नही आला. यंत्र बनवणाऱ्यांनी भोकांमधलं अंतर आपापलं ठेवलं. ब्रिटिश जाड मापाचं, फ्रेंच मापाचं, व्हिन्चेन्झीचं बारीक, पुढे व्हर्डोलची पुठ्ठ्याऐवजी अखंड कागदाची पट्टी. एका मापाचं कार्ड दुसऱ्याच्या सुयांवर बसत नाही. नक्षी तीच, पण ती पुन्हा पंच करायची, पुन्हा शिवायची. चारशे हुकांच्या जेकार्डला आठ ओळी, सहाशेच्याला बारा, हा फरक होताच. ज्याच्याकडे एका मापाची कार्डं साठली, तो पुढचं यंत्रही त्याच मापाचं घेणार. चांगलं यंत्र कुठलं यापेक्षा आपली जुनी कार्डं कशावर चालतात, हा हिशेब तेव्हाच पक्का झाला.

पुढे हा हिशेब मागाबाहेरही गेला. हर्मन हॉलरिथनं १८९० ची अमेरिकन जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम झाली आणि १९२८ मध्ये ८० रकान्यांचं, लांबट भोकांचं कार्ड आलं. आयबीएम यंत्रं विकत नसे, भाड्यानं देई, आणि अट अशी की कार्डं आमचीच वापरायची. दुसऱ्यांच्या कार्डानं यंत्र बिघडतं, ही सबब. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९३६ मध्ये ही अट बेकायदा ठरवली. सरकारी खात्यांना थोडं जास्त भाडं भरून स्वतःची कार्डं वापरायची मुभा कंपनीनंच दिलेली होती, तेव्हा बिघाडाची सबब टिकणार कशी? मायक्रोसॉफ्टवर ब्राउझरवरून खटला झाला त्याच्या साठ वर्षांआधीची ही गोष्ट, आणि दोन्हीकडची बाजू वाचली तर वकिलांनी फारसे नवे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिमही याच कार्डांच्या गठ्ठ्यांतून निघाली. एकाचं काम संपलं की पुढच्याचा गठ्ठा लावेपर्यंत लाखमोलाचं यंत्र रिकामं बसे. १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन गिऱ्हाइकांनी मिळून आयबीएमच्या ७०४ साठी एक प्रोग्राम लिहिला, तो एक काम संपताच पुढचं आपोआप सुरू करी. पहिल्या ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये त्याची गणना होते. तो विकणाऱ्यानं नव्हे, वापरणाऱ्यांनी लिहिला होता, हे लिनक्सवाल्यांनी वादात जरूर वापरावं. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरला १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या पिढीतले प्राध्यापक कार्डांचा गठ्ठा हातातून पडल्यावरची फजिती अजून रंगवून सांगतात.

संगणकाच्या जगात कार्ड मरत होतं तेव्हा मागावर ते जिवंतच होतं. १९८३ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनस या ब्रिटिश कंपनीनं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आणलं. हुकाला धरायचं की सोडायचं हे सुईऐवजी विद्युतचुंबक ठरवू लागला. स्विस स्टॉबली मागोमाग होतीच. ईपी हे बोनसच्या फाइलचं नाव, जेसी५ स्टॉबलीच्या. भोकांची मापं गेली आणि त्यांच्या जागी फाइलच्या फॉरमॅट आल्या. सुरतेत हे लोण पोचल्यावर मागाची ऐपत हुकांत मोजली जाऊ लागली. २,६८८ हुकांच्या जेकार्डला एका बाण्यासाठी तेवढेच हो-नाही लागतात, म्हणजे ३३६ बाइट. तीन हजार बाण्यांचा पदर एक मेगाबाइटच्या आसपास बसतो. फ्लॉपीवर मावणारा मोर. सुरुवातीच्या कंट्रोलरना फ्लॉपीची खाच असायची ती उगाच नाही.

मागावर उभ्या असलेल्या माणसाला या फॉरमॅटशी देणंघेणं नाही. त्याला मीटरवर पैसे मिळतात. सुरतेच्या मागांवर ओडिशातल्या गंजामचे लोक मोठ्या संख्येनं आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून तापी खोऱ्याच्या गाडीनं आलेली मराठी वस्ती दाट आहे, इतकी की महापालिका मराठी शाळा चालवते. त्यांची पुढची पिढी मागावरून उठून डिझाइनच्या खोलीत, संगणकापुढे बसू पाहते. त्या कामाला अजूनही 'पंचिंग' म्हणतात.

भरतकामाच्या मशीनांत तर भोक अक्षरशः शिल्लक आहे. सुरतेतल्या एम्ब्रॉयडरीवाल्यांची चलनी फाइल म्हणजे डीएसटी, नागोयाच्या ताजिमा कंपनीची. ती जन्मली कागदी पट्टीवरच्या भोकांच्या काळात. सुईची प्रत्येक हालचाल तिच्यात १, ३, ९, २७, ८१ या वजनांच्या बेरजा-वजाबाक्यांनी लिहितात, एकक मिलिमीटरचा दशांश. पाचांची बेरीज १२१. म्हणून आजही डीएसटीमध्ये एका उडीत सुई १२.१ मिलिमीटरपलीकडे जात नाही, लांब जायचं तर दोन उड्या. रंगही त्या फाइलमध्ये नसतो, फक्त 'इथे धागा बदल' एवढी खूण असते. याहून चांगल्या, रंगासकट सगळं सांगणाऱ्या फॉरमॅट किती आल्या. डीएसटी हलली नाही, कारण ती सगळ्या मशीनांना वाचता येते. तांत्रिक गुणांवर जिंकणारं मला या क्षेत्रात क्वचितच दिसलं आहे.

म्हणून विंडोज चांगली की लिनक्स, या वादात मला रस कमी. स्लोव्हेनियाचं अरावीव्ह हे विणकामाचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लिनक्सवर चाललं आणि भारतातही वापरलं गेलं. तरी डिझाइनच्या खोल्यांत विंडोजच भेटते, तीही जुनी. सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणून डाँगल असतो, त्याचा ड्रायव्हर एका विशिष्ट आवृत्तीपर्यंतच चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा पाठिंबा थांबवला, विंडोज ११ ला जुने संगणक चालत नाहीत. मालकाचं म्हणणं, डाँगल चालतोय तोवर हात लावू नका. त्याच खोलीतल्या पोराचं म्हणणं, लिनक्सवर माझा गेम चालत नाही. दोघांचा युक्तिवाद एकच आहे, फक्त मालकाचा पैशांचा आणि पोराचा जिवाचा.

गेमच्या बाजूला हे कुलूप थोडं सैल झालं आहे. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गेम बनवण्यासाठी डायरेक्टएक्स आणलं आणि गेम बनवणारे विंडोजला बांधले गेले. १९९३ पासून काही खटपटी मंडळी 'वाइन' नावाचा प्रोग्राम लिहीत होती. विंडोजला उद्देशून दिलेले हुकूम तो लिनक्सला समजतील असे करून देतो. व्हॉल्व्ह कंपनीनं त्यावर उभारलेलं प्रोटॉन २०१८ मध्ये आणलं आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारा स्टीम डेक हा हातात मावणारा गेमचा संगणक विकायला काढला. हजारो विंडोज गेम त्यावर चालतात. ऑनलाइन स्पर्धेचे काही गेम मात्र फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रामचं कारण सांगून अजून दार उघडत नाहीत. आयबीएमची कार्डांची सबब आठवते, जरी इथे तिच्यात थोडं तथ्य आहे.

वाइननं जे केलं तेच चिनी जेकार्डवाल्यांनी केलं. त्यांच्या कंट्रोलरला स्वतःची भाषा असली तरी बोनसची ईपी आणि स्टॉबलीची जेसी५ वाचता येते. कारखानदाराला जुनी डिझाइनं फेकायची नाहीत, हे त्यांनी ओळखलं. स्वस्ताई हे त्यांच्या खपाचं एक कारण, हे दुसरं. मग यंत्र कुणाचंही चालतं आणि भांडण परत १८०६ वर येतं, नक्षी कुणाची? आपल्याकडे २००० चा डिझाइन कायदा आहे, नोंद केली तर दहा वर्षं आणि वर पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण साडीच्या डिझाइनचं आयुष्य एका हंगामाचं. नोंदणीचा अर्ज निकाली निघेपर्यंत तेच डिझाइन शेजारच्या कारखान्यात, चार हूक इकडेतिकडे करून, विणून बाजारात गेलेलं असतं. त्यामुळे सुरतेतले जाणते कारखानदार कोर्टात जात नाहीत. डिझायनरकडून फाइल घेताना ती आणखी कुणाला दिली आहे का, हे विचारतात आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच रात्री माग सुरू करतात.