अमीरखानाच्या छावणीतील सय्यद अहमद

इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास. पवारांच्या या दोन्ही गाद्या मराठ्यांच्या माळव्यातील पहिल्या स्वाऱ्यांतून उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र त्यांची स्थिती अशी झाली होती, की संस्थान म्हणावे तर वसूल नाही आणि जहागीर म्हणावी तर स्वास्थ्य नाही. शिंदे आणि होळकर यांच्या फौजा आळीपाळीने येत, त्यांच्या मागोमाग पेंढारी येत, आणि उभे पीक कोणाच्या घोड्यांच्या मुखी पडेल याचा भरवसा शेतकऱ्यास राहिला नव्हता. १८०७ साली धारचे आनंदराव पवार वारले. त्यानंतर त्यांच्या विधवा पत्नी मीनाबाई यांनी मोठ्या धैर्याने व हुशारीने गादी जगविली. सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात या बाईंचा गौरवाने उल्लेख केला आहे. देवासच्या थोरल्या व धाकट्या, दोन्ही पात्यांना त्याच वावटळीतून जावे लागले.

या वावटळीचा एक मोठा धनी म्हणजे अमीरखान. त्याचे घराणे मूळचे सरहद्दीवरील बुनेर प्रांतातील पठाणांचे. ते पुढे रोहिलखंडात येऊन स्थायिक झाले होते. अमीरखान नशीब काढण्यासाठी माळव्यात उतरला आणि यशवंतराव होळकरांचा जोडीदार बनला. पुण्याहून परागंदा झालेल्या यशवंतरावांना धारच्या पवारांनी आश्रय दिला होता, आणि त्या पडत्या काळातून सावरून त्यांनी फौज जमविली, तेव्हापासून अमीरखानाचे व त्यांचे सख्य जडले. १८११ साली यशवंतराव भानपुरा येथे निवर्तले. त्यांच्या पश्चात ही पठाणी फौज माळवा आणि राजपुताना या टापूत कोणत्याही एका धन्याची न राहता हिंडू लागली. जिकडे खंडणी, तिकडे मुक्काम असा तिचा क्रम होता.

याच फौजेत १८१० नंतर रायबरेलीकडचा एक तरुण शिपाई म्हणून दाखल झाला. त्याचे नाव सय्यद अहमद. धारच्या वा देवासच्या दप्तरांत त्याचे नाव शोधावयाचे कारण नाही, कारण छावणीतील एका शिपायास दप्तरात कोण स्थान देणार? तथापि पुढे वीस वर्षांच्या आत हाच शिपाई पेशावरच्या मुलखात स्वतःस इमाम म्हणवून घेणार होता, तेथे शरियतीचा अंमल बसविणार होता आणि त्या प्रयत्नाच्या अखेरीस रणांगणावर प्राणही देणार होता. माळव्याचा इतिहास वाचताना मराठी वाचकाची दृष्टी सहसा शिंदे, होळकर व पवार यांच्यापुढे जात नाही. म्हणून छावणीतील या माणसाची कथा सांगण्याजोगी आहे.

सय्यद अहमद यांचा जन्म १७८६ साली रायबरेली येथे एका धार्मिक सय्यद घराण्यात झाला. अभ्यासात त्यांची गती बेताची, परंतु शरीर बळकट आणि व्यायामाची आवड दांडगी. प्रथम ते नोकरीच्या शोधात लखनौस गेले आणि तेथून दिल्लीस आले. दिल्लीत शाह वलीउल्लांचे पुत्र शाह अब्दुल अझीझ यांचा विद्वत्तेबद्दल मोठा लौकिक होता. तरुण सय्यद त्यांचे शिष्य झाले.

हा काळ ध्यानात घेतला पाहिजे. १८०३ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळील पटपडगंजच्या लढाईत लॉर्ड लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मोगल बादशहा शिंद्यांच्या हातून इंग्रजांच्या हाती गेला. याच सुमारास शाह अब्दुल अझीझ यांनी असा निर्णय दिला, की जेथे ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम बेधडक चालतो आणि मुसलमानांच्या इमामाचा हुकूम चालत नाही, तो देश आता इस्लामी अमलाचा देश राहिला नाही. मराठ्यांना जी घटना एका लढाईतील पराभव वाटली, तिच्यातून दिल्लीच्या मदरशात एक धर्मशास्त्रीय प्रश्न उभा राहिला. राज्य गेले, आता धर्माचा कायदा कोणी चालवावयाचा? शिष्याने हा प्रश्न मनात घेऊनच अमीरखानाची छावणी गाठली असे समजावयास हरकत नाही.

छावणीत सय्यद अहमद सुमारे सहासात वर्षे राहिले. लुटीवर जगणाऱ्या त्या गर्दीत ते नमाज, उपवास आणि उपदेश यांच्या बळावर मान मिळवून होते. तेथे त्यांनी लढण्याची विद्या घेतली. लोक कसे जमवावेत, त्यांना कसे चालवावे, उपासमारीत कसे एकत्र ठेवावे, हेही ते शिकले. परंतु नोव्हेंबर १८१७ मध्ये अमीरखानाने इंग्रजांशी तह केला. फौज मोडावयाची, तोफा द्यावयाच्या आणि त्याच्या मोबदल्यात टोंकची नबाबी घ्यावयाची, असा तो व्यवहार होता. सय्यद अहमद यांना हा तह मुळीच रुचला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी छावणी सोडली आणि दिल्लीची वाट धरली.

त्या एका वर्षात माळव्याचे सर्व चित्र पालटले. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या पवारांशी आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारच्या पवारांशी इंग्रजांचे तह झाले. पवारांच्या गाद्यांना या तहांनी जीवदान मिळाले, शेतकऱ्याला पेरलेले कापण्याची आशा वाटू लागली. परंतु हजारो स्वार व शिपाई एकाएकी बेकार झाले. ज्यांना जमीन नव्हती, वतन नव्हते, तलवारीखेरीज दुसरा धंदा ठाऊक नव्हता, त्यांनी जावे कोठे? अमीरखानाला या घडामोडींतून नबाबी मिळाली आणि पवारांना त्यांचे सिंहासन परत मिळाले. सय्यद अहमद यांनी मात्र निराळेच ध्येय पुढे ठेवले.

दिल्लीत परत आल्यावर त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो. शाह वलीउल्लांचे नातू शाह इस्माईल आणि शाह अब्दुल अझीझ यांचे जामात मौलवी अब्दुल हई हे दोघे पंडित या अल्पशिक्षित शिपायाचे शिष्य बनले. तिघांनी मिळून गंगा-यमुनेच्या दुआबात आणि पुढे पाटण्यापर्यंत उपदेशाच्या फेऱ्या काढल्या. पिरांच्या कबरींना नवस करू नयेत, लग्नात उधळपट्टी करू नये, विधवांच्या पुनर्विवाहाला आडकाठी करू नये, अशी त्यांची शिकवण होती. शिकवण नुसती तोंडची नव्हती. सय्यद अहमद यांनी आपल्या दिवंगत वडील बंधूंच्या विधवेशी स्वतः विवाह केला. धारमध्ये कमालुद्दीन चिश्ती यांच्या कबरीपुढे शतकानुशतके माथा टेकणारा जो भाविक समाज होता, त्याच्या भक्तीची रीत या सुधारकांना मान्य होण्यासारखी नव्हती. तरीही तोवर सर्व काम उपदेशाचे होते. ज्याला पटेल त्याने ऐकावे, ज्याला पटणार नाही त्याने घरी जावे. या काळात त्यांना जे अनुयायी मिळाले, ते पुढे सर्व संकटांत त्यांच्याबरोबर राहिले.

१८२१ साली शेकडो यात्रेकरूंना घेऊन ते मक्केस निघाले आणि १८२४ च्या सुमारास रायबरेलीस परतले. १८२६ च्या जानेवारीत पाचसहाशे लोकांनिशी त्यांनी घर कायमचे सोडले. उद्देश पंजाबात महाराजा रणजितसिंहांच्या शीख राज्याविरुद्ध जिहाद करण्याचा होता. त्यासाठी त्यांनी मोठा वळसा घेतला. ग्वाल्हेर, टोंक, मारवाड, सिंध, कंदाहार, काबूल असा प्रवास करून वर्षअखेरीस ते पेशावरच्या बाजूस पोचले.

ग्वाल्हेरचा मुक्काम मराठी वाचकास विशेष वाटावा असा आहे. दौलतराव शिंद्यांचे मेहुणे, म्हणजे बायजाबाईंचे बंधू, हिंदुराव घाटगे यांच्याशी सय्यद अहमद यांचा स्नेह जुळला, आणि पुढे सरहद्दीवरून त्यांनी हिंदुरावांना पत्रही लिहिले. दूरदेशीचे परके लोक, कालचे व्यापारी, आज राज्याचे धनी बनले आहेत आणि थोरामोठ्यांची अब्रू धुळीस मिळाली आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. देश मोकळा झाला, की राज्यकारभार ज्यांचा त्यांच्याकडे सोपविण्याची भाषाही त्यात आहे. एका हिंदू सरदाराशी बोलताना त्यांनी राजकारणाची भाषा वापरली. सरहद्दीवर मात्र भाषा धर्मयुद्धाची होती. हेच हिंदुराव पुढे दिल्लीच्या टेकडीवर राहिले. त्यांचा वाडा १८५७ च्या लढाईत प्रसिद्धीस आला आणि आज त्यांचेच नाव तेथील रुग्णालयास आहे.

डिसेंबर १८२६ मध्ये अकोडा येथे शीख सैन्यावर रात्रीचा छापा घालून युद्धाला तोंड लागले. लागलीच जानेवारी १८२७ मध्ये हुंड येथे सय्यद अहमद यांना इमाम म्हणून निवडण्यात आले. परंतु त्याच वर्षी शैदूच्या लढाईत पेशावरचे दुर्राणी सरदार ऐन वेळी बाजूला झाले आणि मोठा पराभव पदरी आला. तेव्हा इमामांनी असे ठरविले, की जोवर पठाणांच्या मुलखात शरियतीचा कायदा बसत नाही, तोवर शत्रूशी लढण्याचे बळ येणार नाही. १८२९ च्या आरंभी पंजतार येथे खान आणि मुल्ला यांना जमवून त्यांच्याकडून तशी शपथ घेण्यात आली. १८३० मध्ये पेशावरही हाती आले. तेथील सरदार सुलतान महंमदखान याने शरियत पाळण्याचे वचन दिले, म्हणून शहर त्यालाच परत देण्यात आले आणि इमामांच्या बाजूचा एक मौलवी तेथे काझी म्हणून नेमण्यात आला.

येथवर यश दिसत होते. परंतु उपदेशाचा हुकूम झाला, तसा लोकांचा भाव बदलला. पिकाचा दहावा हिस्सा, ज्यास उश्र म्हणतात, तो आजवर गावचा मुल्ला घेई. आता तो इमामांच्या खजिन्यात भरावा लागे. मुलीच्या लग्नात वरपक्षाकडून पैसा घेण्याची पठाणांची जुनी चाल बंद करण्यात आली आणि उपवर मुलींची लग्ने विनाविलंब लावावीत असा हुकूम निघाला. हुकूम मोडणारास दंड होई. मुलींच्या दृष्टीने पाहता यांतील काही सुधारणा न्याय्यच होती. पण ती सांगणारे लोक परमुलखातून आलेले, त्यांची भाषा परकी, आणि त्यांच्या हाती दंड करण्याचा अधिकार! खानांची सत्ता गेली, मुल्लांचे उत्पन्न गेले, घरोघरच्या रिवाजात परक्याचा हात शिरला. १८३० च्या अखेरीस सगळीकडे एकदम उठाव झाला. पेशावरचा काझी मारला गेला. गावोगाव उश्र गोळा करण्यास व न्याय देण्यास नेमलेले इमामांचे माणूस कापले गेले. मारणारे शीख नव्हते, इंग्रजही नव्हते. ज्यांच्यासाठी हा कायदा आणला, तेच ते मुसलमान पठाण होते.

उरलेल्या अनुयायांना घेऊन सय्यद अहमद काश्मीरच्या रोखाने निघाले. ६ मे १८३१ रोजी बालाकोट येथे रणजितसिंहांचे पुत्र शेरसिंह यांच्या सैन्याने त्यांना गाठले. त्या लढाईत सय्यद अहमद आणि शाह इस्माईल दोघेही पडले. इमाम मेले नसून गुप्त झाले आहेत, अशी समजूत काही अनुयायांत पुष्कळ वर्षे टिकली. सित्ताना येथे त्यांच्या पंथाचे लोक लढत राहिले. १८६३ मध्ये अंबेलाच्या खिंडीत इंग्रजांना त्यांच्याशी कठीण लढाई द्यावी लागली आणि त्यानंतर अंबाला व पाटणा येथे खटले चालले. इमामांचे कुटुंब मात्र टोंकला आश्रयास आले. ज्या अमीरखानाच्या तहामुळे त्यांनी छावणी सोडली होती, त्याचाच पुत्र नबाब वझीरउद्दौला त्यांचा निस्सीम भक्त होता.

सय्यद अहमद यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी धन जोडले नाही, आणि स्वतःच्या घरी न पाळलेला नियम दुसऱ्यास सांगितला नाही. असे असूनही त्यांचे राज्य फार काळ टिकले नाही, याचे कारण केवळ सरदारांच्या फितुरीत शोधणे पुरेसे होणार नाही. धर्माचा नियम मनुष्य आपणहून स्वीकारतो, तेव्हा त्याला त्याचे ओझे वाटत नाही. तोच नियम शिपाई घेऊन दारी आला, की तो इतर करांसारखाच एक कर होतो. हा दोष एका धर्माचा नव्हे. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले ख्रिस्ती धर्मन्यायालय मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. १७३६ च्या जाहीरनाम्याने तर लग्नातील गाणी आणि पोशाख यांच्यावरही बंदी घातली. हिंदूंप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबेही तेथून मंगळुराकडे निघून गेली. ज्यांच्या श्रद्धेच्या रक्षणासाठी ते न्यायालय होते, त्यांनाच घर सोडावे लागले.

याच्या शेजारी धारच्या मीनाबाईंचा कारभार ठेवून पाहावा. त्यांनी कोणत्याही ईश्वरी राज्याची घोषणा केली नाही. प्रजेचे प्राण वाचावेत आणि गादी राहावी, एवढाच त्यांचा हेतू होता. तेवढ्याने धारचे राज्य टिकले आणि १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालले. आज धार, देवास आणि टोंक या तिन्ही ठिकाणी १९५० ची एकच राज्यघटना लागू आहे. तिने प्रत्येकास आपला धर्म पाळण्याची आणि सांगण्याची मुभा दिली आहे. तो दुसऱ्यावर दंडाच्या धाकाने लादण्याचा अधिकार मात्र कोणासही दिलेला नाही. पंजतारच्या डोंगरात जे रक्त सांडले, त्याचा विचार केला म्हणजे या तरतुदीचे मोल ध्यानात येते.