फॅट किती लागली?

वसई-विरारकडच्या तबेल्यातलं असो की घाटावरच्या गोठ्यातलं, दूध डेअरीवर गेलं की पहिला प्रश्न एकच: फॅट किती लागली? महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा निकष ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. त्याखाली गेलं की भाव कापला जातो. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला पडलेला प्रश्न थोडा वेगळा: हा आकडा गुरात नेमका कुठे लिहिलेला असतो?

उत्तर हाती यायला तीसेक वर्षं लागली. १९७४ साली हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या साध्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्या चरबीपेशी होताना पाहिल्या. म्हणजे चरबीपेशी आयती नसते, घडते. १९९४ साली ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने ती घडवणारं मुख्य बटण दाखवलं: पीपीएआर-गॅमा. हे बटण गुरांतही आहे.

पण कोठार बांधलं म्हणजे भरलं असं नाही. चरबी तयार करण्याची शेवटची पायरी करणारं एक जनुक म्हणजे डीजीएटी१. २००२ साली बेल्जियममधल्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाने दाखवलं, की त्याच्या प्रथिनात २३२व्या जागी लायसिन असेल तर फॅट जास्त, दूध कमी. ॲलॅनिन असेल तर उलट. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या अभ्यासात हे जनुक मांसात साठणाऱ्या चरबीशीही जोडलं गेलं. दूध आणि मांस, दोन्हीकडे एकच कारागीर.

२००६ साली भारतीय गाई-म्हशींची तपासणी प्रसिद्ध झाली. सगळीकडे लायसिनच!

आता मागे वळून पाहा. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ सुरू केली. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरातून लिटर वाढले, अनेक घरं उभी राहिली. ते काम मोठंच. पण होल्स्टीनमध्ये ॲलॅनिनवालं रूपही असतं, आणि लिटरसोबत तेही आपल्या गोठ्यात आलं. तेव्हा हे कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. फॅट चाऱ्यावर आणि वेतावरही ठरते, सगळा दोष जनुकाचा नाही.

आज मात्र थेंबभर रक्तात ही जागा वाचता येते. वळू निवडताना लिटर पाहतो, तशी २३२वी जागाही पाहिली पाहिजे. कारण भाव फॅटवर कापला जातो, आणि तो कापला जातो शेतकऱ्याचा.