एचपीसीएलचा शेअर आणि सरकारचा हात

सरकारी कंपनीचा कारभार सुधारला की तिचा शेअर वधारतो, असं पुस्तकी गणित आहे. पण एचपीसीएल आणि बीपीसीएल या आपल्या मुंबईच्याच दोन तेल कंपन्यांचा इतिहास पाहिला, तर बाजार भलतीकडेच बघत होता असं मला वाटतं.

या कंपन्या मूळच्या एस्सो आणि बर्मा शेल. 1974 आणि 1976 मध्ये संसदेनं कायदे करून त्या ताब्यात घेतल्या. पुढे वाजपेयी सरकारनं त्यांतला सरकारी हिस्सा विकायला काढला, आणि 16 सप्टेंबर 2003 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संसदेनं कायद्यानं घेतलेली कंपनी संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाही. शेअर धाडकन पडले. गंमत म्हणजे रिफायनरी तीच, पंप तेच, पंपावरचा पोऱ्याही तोच! पडली होती ती फक्त मालक बदलण्याची आशा.

मग मे 2004. सरकार बदललं, डाव्यांच्या पाठिंब्यावर नवं येणार हे दिसलं आणि 17 तारखेला सेन्सेक्स एका क्षणी 842 अंशांनी खाली होता. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहून झालंय, असो.

मला जास्त बोलकं वाटतं ते 2010 हे वर्ष. त्या मे महिन्यात केंद्रानं सरकारी कंपन्यांसाठी सुशासनाचे नियम सक्तीचे केले. स्वतंत्र संचालक, लेखापरीक्षण समिती, सगळं रीतसर. बाजारात त्यावरून काही हलल्याचं मला तरी आठवत नाही. पुढच्याच महिन्यात, 25 जूनला, पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तेल कंपन्यांचे शेअर उसळले. संचालक मंडळात कोण बसतं यापेक्षा पंपावरचा दर कोण ठरवतं, हे बाजाराला महत्त्वाचं होतं.

तो विश्वास किती कच्चा होता ते 2018 मध्ये कळलं. जानेवारीत ओएनजीसीनं एचपीसीएलमधला सरकारचा 51.11 टक्के हिस्सा 36,915 कोटींना घेतला, शेअरमागे 473.97 रुपये देऊन. बाजारभावापेक्षा चढा दर! एरवी कंपनीचा ताबा बदलला की छोट्या भागधारकांचे शेअरही विकत घ्यायची तयारी दाखवावी लागते. इथे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात, म्हणून सूट. ज्यांनी पेन्शनचे पैसे या शेअरमध्ये घातले होते ते बघत राहिले. ऑक्टोबरच्या 4 तारखेला सरकारनं कंपन्यांना लिटरमागे एक रुपया स्वतः सोसायला सांगितलं. रुपया तो काय! पण दुसऱ्या दिवशी एचपीसीएलचा शेअर पाचव्या हिश्श्याहून जास्त घसरला. बाजारानं रुपया मोजला नव्हता, हात पुन्हा आत आला हे पाहिलं होतं.

बीपीसीएलच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा 2016 मध्ये जुन्या कायद्यांच्या गठ्ठ्यात गुपचूप रद्द झाला होता, त्यामुळे 2019 मध्ये ती पुन्हा विक्रीला निघाली. विक्री चालू असतानाच 2021 च्या नोव्हेंबरपासून, पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, कच्चं तेल भडकूनही पंपावरचे दर 137 दिवस जागचे हलले नाहीत. कागदावर ते तेव्हाही मुक्तच होते. मे 2022 मध्ये सरकारनं विक्री रद्द केली, तेव्हा रिंगणात एकच गिऱ्हाईक उरलं होतं.