पुण्यातील विद्युत बससेवा

पुण्यातील विद्युत बससेवा ही पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड (पीएमपीएमएल) या सार्वजनिक संस्थेमार्फत पुणे, पिंपरी-चिंचवड आणि लगतच्या परिसरात चालवली जाणारी, विजेवर धावणाऱ्या बसगाड्यांची प्रवासी सेवा आहे. तिचा आरंभ ९ फेब्रुवारी २०१९ रोजी २५ बसगाड्यांनिशी झाला. पुढील पाच वर्षांत या बसगाड्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली. बोलीभाषेत या गाड्यांना 'ई-बस' असे म्हणतात. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या संशोधनातही पुण्यातील संस्था व उद्योग अग्रेसर आहेत. मात्र शहराच्या विद्युत बससेवेचा विस्तार आजवर बॅटरीवरील गाड्यांच्या आधारेच झाला आहे.

विद्युत आणि हायड्रोजन बसगाड्यांना 'शून्य उत्सर्जन' वाहने म्हटले जाते. गाडी चालताना तिच्यातून धूर बाहेर पडत नाही, एवढाच या संज्ञेचा काटेकोर अर्थ आहे. वीज अथवा हायड्रोजन तयार करताना होणारे उत्सर्जन तिच्यात धरलेले नसते.

पार्श्वभूमी

पुणे महानगरपालिकेची स्थापना १९५० साली झाली. त्याच वर्षी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खाजगी कंपनीकडून शहराची बससेवा पालिकेकडे आली आणि पुणे महानगरपालिका परिवहन (पीएमटी) अस्तित्वात आली. पिंपरी-चिंचवडसाठी पीसीएमटी ही स्वतंत्र सेवा होती. या दोन्ही सेवांचे २००७ साली विलीनीकरण होऊन पीएमपीएमएलची स्थापना झाली. महामंडळाचे मुख्यालय स्वारगेट येथे आहे. त्याच्या संचालनातील तूट पुणे महानगरपालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ४० टक्के या प्रमाणात भरून देतात.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे दुचाकींचे शहर झाले. वाढत्या वाहनांबरोबर हवेचे प्रदूषणही वाढले. केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुण्याचा समावेश आहे. महामंडळाने विद्युत बसगाड्यांपूर्वीच डिझेलऐवजी सीएनजीचा वापर सुरू केला होता आणि ताफ्यात सीएनजी गाड्यांचे प्रमाण मोठे आहे.

महाराष्ट्राला विजेवरील सार्वजनिक वाहतूक अपरिचित नव्हती. मुंबईत १९०७ ते १९६४ या काळात विजेवरील ट्राम धावत होती, तसेच १९६२ ते १९७१ या काळात बेस्टने डोक्यावरील तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस चालवली. या दोन्ही वाहनांचा मार्ग तारांनी बांधलेला असे. बॅटरीवरील बस या बंधनातून मुक्त झाली. मात्र तिची चाल आता बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगची सोय यांवर अवलंबून राहू लागली.

इतिहास

तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ९ फेब्रुवारी २०१९ रोजी पहिल्या २५ बसगाड्यांचे लोकार्पण झाले. या गाड्या ९ मीटर लांबीच्या व वातानुकूलित होत्या. त्यांचा पुरवठा ऑलेक्ट्रा ग्रीनटेक या कंपनीने चीनमधील बीवायडी कंपनीच्या तंत्रज्ञानाच्या आधारे केला. पुणे स्मार्ट सिटी प्रकल्पाचे त्याला साहाय्य होते. हडपसरजवळील भेकराईनगर आणि निगडी येथील आगारांत चार्जिंगची व्यवस्था उभारण्यात आली. भेकराईनगर आगाराचा उल्लेख देशातील पहिले संपूर्ण विद्युत बस आगार असा केला जातो. त्यानंतर बीआरटी मार्गिकांवर चालवण्याजोग्या १२ मीटर लांबीच्या बसगाड्या टप्प्याटप्प्याने दाखल झाल्या.

केंद्र शासनाच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला. त्यासाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद होती. ऑगस्ट २०१९ मध्ये या योजनेखाली देशातील ६४ शहरांसाठी ५,५९५ विद्युत बसगाड्या मंजूर झाल्या. पुण्याच्या वाट्याला त्यांतील १५० गाड्या आल्या.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ६ मार्च २०२२ रोजी १०० विद्युत बसगाड्यांचे आणि बाणेर येथील विद्युत बस आगाराचे लोकार्पण केले. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. पुढे वाघोली आणि पुणे रेल्वे स्थानक येथेही चार्जिंगची सोय असलेली आगारे कार्यान्वित झाली.

राज्य शासनाच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात पुण्यासह प्रमुख शहरांतील सार्वजनिक वाहतुकीचा २५ टक्के हिस्सा २०२५ पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत देशातील नऊ मोठ्या शहरांसाठी १४,०२८ विद्युत बसगाड्यांची तरतूद आहे. त्या नऊ शहरांत पुण्याचा समावेश आहे.

संचालनाची पद्धत

विद्युत बसची खरेदी किंमत डिझेल वा सीएनजी बसच्या तुलनेत पुष्कळ अधिक असते. याउलट तिचा दर किलोमीटरमागील ऊर्जेचा व देखभालीचा खर्च कमी असतो. प्रारंभीच्या भांडवलाचा भार टाळण्यासाठी महामंडळाने या गाड्या विकत न घेता 'ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट' अर्थात जीसीसी पद्धतीने घेतल्या. या पद्धतीत बसगाडी, तिची देखभाल आणि चालक ही कंत्राटदार कंपनीची जबाबदारी असते. वाहक महामंडळाचा असतो. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचा दर महामंडळ ठरवते. तिकिटाचे सर्व उत्पन्न महामंडळाकडे जमा होते आणि कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे ठरावीक दराने पैसे मिळतात.

या व्यवस्थेमुळे बस रिकामी धावली तरी कंत्राटदाराचे उत्पन्न घटत नाही. म्हणून तो कमी प्रवाशांच्या मार्गावरही गाडी सोडण्यास तयार असतो, हा तिचा लाभ होय. तिकिटाच्या उत्पन्नातून खर्च भागला नाही तर तूट मात्र महामंडळाला, म्हणजे पर्यायाने दोन्ही महानगरपालिकांना सोसावी लागते. देयके थकली तर सेवाही अडचणीत येते. मार्च २०२३ मध्ये थकबाकीच्या मागणीसाठी काही कंत्राटदारांनी गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा प्रवाशांना याचा अनुभव आला.

तंत्रज्ञान आणि चार्जिंग

विद्युत बसमध्ये इंजिनाऐवजी मोटार आणि इंधनाच्या टाकीऐवजी बॅटरी-संच असतो. गिअर वारंवार बदलावे लागत नाहीत आणि इंजिनाची थरथर व आवाज नसतो. ब्रेक लावताना मोटार जनित्राचे काम करते आणि गतीतील काही ऊर्जा पुन्हा बॅटरीत साठवली जाते. शहरातील बस दर काही मिनिटांनी थांब्यावर किंवा सिग्नलला थांबते, त्यामुळे या सोयीचा उपयोग महामार्गापेक्षा शहरात अधिक होतो.

१२ मीटरच्या वातानुकूलित बसला एका किलोमीटरसाठी सुमारे १.२ युनिट वीज लागते असे धरल्यास, दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला २४० युनिट वीज लागेल. अशा १०० गाड्यांच्या आगाराची गरज २४,००० युनिट होते. यांतील बहुतांश वीज रात्रीच्या मोजक्या तासांत पुरवावी लागते. साहजिकच डिझेल पंपाच्या जागी चार्जर बसवला म्हणजे विद्युत आगार तयार झाले, असे होत नाही. त्यासाठी उच्चदाब वीजजोडणी, रोहित्रे आणि प्रत्येक गाडी बराच वेळ उभी राहू शकेल इतकी मोकळी जागा लागते. चार्जिंगचे आगार मार्गापासून दूर असेल तर गाडीला प्रवाशांविना फेरी करावी लागते. बॅटरीतील वीज तेवढी वाया जाते आणि कंत्राटाचे किलोमीटरही खर्ची पडतात.

सिंहगडावरील प्रयोग

मे २०२२ च्या प्रारंभी सिंहगडाच्या पायथ्यापासून गडावर विद्युत बससेवा सुरू करण्यात आली आणि खाजगी वाहनांना वर जाण्यास मनाई करण्यात आली. गडावरील वाहनांची कोंडी आणि प्रदूषण रोखणे हा तिचा हेतू होता. अरुंद घाटरस्ता, तीव्र वळणे आणि सुट्टीच्या दिवशी उसळणारी गर्दी यांपुढे ही व्यवस्था अपुरी पडली आणि त्याच महिन्यात ती स्थगित करावी लागली. गडावर प्रवासी वाहने चालवणाऱ्या स्थानिकांच्या उपजीविकेचा प्रश्नही या निमित्ताने पुढे आला. सपाट शहरी मार्गावर यशस्वी ठरलेली गाडी घाटात तशीच उपयोगी पडेल असे गृहीत धरता येत नाही, हे या प्रयोगातून दिसून आले.

उत्सर्जनाचा हिशोब

एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वातानुकूलित डिझेल बस लिटरला अडीच किलोमीटर धावते असे मानल्यास तिचे उत्सर्जन किलोमीटरमागे सुमारे १.०८ किलो होते. भारतात वीजनिर्मितीत प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. किलोमीटरला १.२ युनिट वापरणाऱ्या विद्युत बसच्या वाट्याला त्यामुळे सुमारे ०.८४ किलो उत्सर्जन येते. या स्थूल हिशोबानुसार घट साधारण पाचव्या भागाइतकी आहे. ती शून्याच्या जवळपासही नाही.

महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांत कोळशापासून तयार होतो. सौरऊर्जा दिवसा मिळते आणि बसगाड्या मुख्यतः रात्री चार्ज होतात, ही आणखी एक अडचण आहे. पुण्यातील रस्त्यावरचा धूर त्यामुळे कमी होतो, पण त्याचा काही भार विदर्भातील वीजकेंद्रांच्या परिसरावर पडतो.

असे असले तरी दोन लाभ निर्विवाद आहेत. दाट वस्तीतील रस्त्यावर, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जाणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळीचे सूक्ष्म कण बसच्या इंजिनातून येणे थांबते. दुसरे असे की वीजनिर्मितीत पवन व सौरऊर्जेचा वाटा वाढेल तसतशी तीच बस, तिच्यात कोणताही बदल न करता, अधिक स्वच्छ होत जाते. डिझेल बसला हे शक्य नसते.

हायड्रोजन बस

हायड्रोजन बससुद्धा मूलतः विद्युत बसच असते. तिच्यातील इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज निर्माण होते. गाडीतून केवळ पाणी व वाफ बाहेर पडते. टाकी थोड्या वेळात भरता येते आणि एका भरणीत लांबचा पल्ला गाठता येतो, हे तिचे प्रमुख गुण आहेत.

केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात स्वदेशी बनावटीच्या हायड्रोजन इंधनघट बसचे अनावरण केले. केपीआयटी ही पुण्यातील कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) यांनी ती विकसित केली होती. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा या संशोधनात सहभाग होता. टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२३ मध्ये इंडियन ऑइलला अशा दोन बसगाड्या दिल्लीत सुपूर्त केल्या. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली. तिची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे.

पाण्याचे विद्युत-विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी ५० युनिटांहून अधिक वीज लागते. मोठ्या बसला १०० किलोमीटरसाठी ८ किलो हायड्रोजन लागतो असे धरल्यास विजेचा खर्च ४०० युनिटांवर जातो. तेवढेच अंतर बॅटरीवरील बस सुमारे १२० युनिटांत कापते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन केल्यास वीज वाचते, परंतु प्रत्येक किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या कारणांमुळे शहरांतर्गत फेऱ्यांसाठी बॅटरीवरील बस आणि लांब पल्ल्यासाठी हायड्रोजन, अशी विभागणी अनेक अभ्यासक सुचवतात.

लांब पल्ल्याची विद्युत बससेवा

महाराष्ट्र राज्य परिवहन महामंडळाची (एसटी) पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर धावली होती. त्या घटनेचे औचित्य साधून १ जून २०२२ रोजी याच मार्गावर एसटीची 'शिवाई' ही विद्युत बस सुरू झाली. २०२३ साली एसटीने ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा निर्णय घेतला.

मर्यादा आणि मूल्यमापन

चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्यांचा संपूर्ण ताफा विजेवर आणला. जगभरातील शहरांना हे उदाहरण दिले जाते. पुण्यातील परिस्थितीत मात्र बस कशावर चालते या प्रश्नाइतकाच बस पुरेशा आहेत का हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-मानकांनुसार लाख लोकसंख्येमागे ६० किंवा अधिक बसगाड्या ही सर्वोत्तम पातळी होय. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ४८.५ लाख होती. महामंडळाचा ताफा सुमारे २,००० गाड्यांचा धरला तर त्या जुन्या लोकसंख्येलाही लाखामागे सुमारे ४१ गाड्याच येतात. त्यानंतर लोकसंख्या आणखी वाढली आहे.

म्हणून जुनी बस निवृत्त करून तिच्या जागी एक विद्युत बस आणल्याने रस्त्यावरचा धूर कमी होतो, पण थांब्यावरची रांग तेवढीच राहते. रांगेला कंटाळून दुचाकी घेणाऱ्या प्रवाशाचे उत्सर्जन बसच्या हिशोबात कुठेही दिसत नाही. विद्युत बससेवेचे यश मोजताना गाड्यांच्या संख्येबरोबर फेऱ्यांची वारंवारता, बंद पडणाऱ्या गाड्यांचे प्रमाण आणि विजेचा स्रोत हे निकषही विचारात घ्यावे लागतात.