केशवराव कोरटकर : पुरजळ ते कायदेमंडळ

निजामाच्या राज्यात कायदेमंडळ होते, हे आज अनेकांस नवलाचे वाटेल. १८९३ च्या ‘कानूनचा-ए-मुबारक’मुळे ते अस्तित्वात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या एकोणीस सभासदांपैकी अकरा सरकारी अधिकारी होते. बिनसरकारी सहा जागांपैकी दोन जहागीरदारांच्या, दोन हायकोर्टाच्या वकिलांच्या आणि दोन दिवाणांच्या मर्जीच्या. १९०१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या एक कोटी अकरा लाख भरली. त्यांतील बहुसंख्य लोक शेतीवर जगत. पण शेतसारा भरणाऱ्या या रयतेस मत नव्हते. खेड्यातील होतकरू तरुणास या सभेचे दार उघडणारी किल्ली एकच : वकिलीची सनद.

कै. केशवराव कोरटकर यांनी ती मिळविली. त्यांचा जन्म १८६७ साली तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील वसमत तालुक्यात, पुरजळ या शेतकऱ्यांच्या गावी झाला. (हा भाग १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे.) गुलबर्ग्यास वकिली करून १८९६ च्या सुमारास ते हैदराबादेत आले. न्यायालयांची भाषा १८८४ पासून उर्दू होती. मराठवाड्यातून आलेल्या माणसास येथे परभाषेतच नाव कमवावे लागे. ते त्यांनी कमविले. कायदेमंडळाचे ते सभासद झाले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायाधीशही.

मात्र त्यांची खरी कामगिरी त्या सभेत शोधू नये. राज्याच्या खजिन्यावर जिचा अधिकार नाही, अशी सभा रयतेचे गाऱ्हाणे कितीसे ऐकणार? केशवरावांचे राजकारण शाळेतून चालले. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीस त्यांचा आणि वामनराव नाईकांचा मोठा आधार होता. सुलतान बाजारातील आर्य समाजाची धुराही त्यांनी दीर्घकाळ वाहिली.

याच वर्तुळातील एक प्रसंग आपण मराठी लोकांनी विसरू नये. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. भाषणे इंग्रजी, उर्दू व मराठीत झाली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच सभेत गोंगाट झाला आणि त्यांना बोलू दिले गेले नाही. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मास आला. उर्दूच्या वर्चस्वाची सल मनात बाळगणाऱ्यांनीच शेजाऱ्याची भाषा दाबावी, हे शोभणारे नव्हते.

राजकीय सभांवरील बंदीमुळे संस्थानच्या राजकीय परिषदा बाहेर भराव्या लागल्या : १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे, १९३१ मध्ये अकोला. त्यानंतरच्या वर्षी, १९३२ साली, केशवराव निवर्तले. नारायणगुड्यातील केशव स्मारक विद्यालय त्यांच्या नावाने १९४० मध्ये सुरू झाले.

प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक केशवरावांच्या निधनानंतर वीस वर्षांनी झाली. १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात केशवरावांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार मंत्री झाले, तेव्हा पुरजळच्या शेतकऱ्याने प्रथमच मत दिलेले होते.