एका तालुक्याचे मतदारसंघ किती?

फक्त दौंड तालुक्याची माहिती समोर ठेवून कुणी डेटाबेस रचायला बसला, तर तो एका चुकीच्या निष्कर्षावर सहज पोहोचेल. दौंड विधानसभा मतदारसंघ म्हणजे अख्खा दौंड तालुका. मग तालुक्याच्या टेबलातच ‘मतदारसंघ’ नावाचा एक रकाना घातला की काम झाले! भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात शिरले की हा रकाना अपुरा पडतो. पाबळसह शिरूरची बरीच गावे आंबेगाव मतदारसंघात आहेत, उरलेला तालुका शिरूर मतदारसंघात आणि त्या मतदारसंघाला हवेली तालुक्याचाही भाग जोडलेला. एका तालुक्यात अनेक मतदारसंघ, एका मतदारसंघात अनेक तालुके.

हा ‘एक की अनेक’चा प्रश्न म्हणजेच कार्डिनॅलिटीचा प्रश्न. कार्डिनॅलिटी म्हणजे एका बाजूच्या एका नोंदीशी दुसऱ्या बाजूच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती नोंदी जोडल्या जाऊ शकतात, याची मर्यादा. यातला ‘शकतात’ महत्त्वाचा. हाताशी असलेल्या रांगा आजवर काय घडले तेवढेच सांगतात. काय घडू शकते हे नियम सांगतो. दौंडच्या रांगा खोट्या नव्हत्या, पण त्यांवरून नियम काढायचा नव्हता. नमुन्याची शंभर पाने चाळून ‘एकास एक’ ठरवणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप पद्धतीत ‘अनेकास अनेक’ संबंधाला पूर्ण मान्यता आहे. रिलेशनल टेबलांत मात्र तो एका रकान्यात मावत नाही, मध्ये तिसरे टेबल लागते. शिरूरच्या उदाहरणात ते नव्याने शोधावेही लागत नाही, कारण गाव तिथे आधीच उभे आहे. या दोन तालुक्यांत प्रत्येक महसुली गावाचा तालुका एकच आणि विधानसभा मतदारसंघही एकच. गावाच्या रांगेत दोन्हींच्या फॉरेन की, म्हणजे त्या त्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे रकाने, ठेवल्या, की तालुका आणि मतदारसंघ यांचा गुंता गावामार्फत आपोआप सुटतो. अनेकास अनेक दिसले की आधी मधला लहान घटक नजरेतून सुटला आहे का, ते तपासावे.

वरची पायरी सोपी आहे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघ एकाच लोकसभा मतदारसंघात असतो: दौंड बारामतीत, शिरूर आणि आंबेगाव शिरूरमध्ये. महाराष्ट्रात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा मतदारसंघ आहेत, प्रत्येकात बरोबर सहा. हा ‘सहा’चा आकडा फॉरेन कीला कळत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागते.

आणि हे सगळे आजच्या तारखेपुरते. शिरूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून आला, तिथली पहिली निवडणूक २००९ ची. जुने निकालही ठेवायचे असतील तर एका गावाला काळाच्या ओघात अनेक मतदारसंघ लाभतात. संबंधाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा द्याव्या लागतात. कार्डिनॅलिटी विचारताना ‘एका वेळी की आजवर?’ हा उपप्रश्न टाळला, की पुढे दुरुस्ती महागात पडते.

सातबाऱ्यावर हीच गोष्ट अधिक टोकदार होते. एका गटात अनेक खाती असू शकतात. खात्याचा आठ-अ उतारा पाहिला तर एका खात्यात अनेक गट. सामाईक खात्यात खातेदारही अनेक, आणि तोच खातेदार दुसऱ्या खात्यातही असतो. गट आणि खाते यांच्या जोडटेबलात खात्याचे त्या गटातले क्षेत्र आणि आकार जातो, कारण हे आकडे एकट्या गटाचे नाहीत आणि एकट्या खात्याचेही नाहीत. गट क्रमांक एकटा प्रायमरी की होऊ शकत नाही, हेही इथेच कळते: तोच आकडा शिरूरच्या गावातही आहे आणि दौंडच्या गावातही. गाव सोबत घेतल्याशिवाय गटाला ओळख नाही.

खालच्या मर्यादेकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. खातेदाराने सगळी जमीन विकली, तर शून्य गटांचे खाते ठेवायचे की नाही? उत्तर ‘नाही’ असेल, तर शेवटच्या गटाचा फेरफार मंजूर होताना खातेही बंद व्हायला हवे. हे महसूल खात्याच्या नियमाने ठरते, प्रोग्रामरच्या सोयीने नव्हे.

पिकांची नोंद घेणारा गाव नमुना बारा तर दोन घटकांत बसतच नाही. गट, हंगाम आणि पीक हे तिघे एकत्र येतात. समजा एका गटात खरिपात बाजरी होती आणि रब्बीत कांदा. हे ‘गट-हंगाम’, ‘गट-पीक’ आणि ‘हंगाम-पीक’ अशा तीन जोड्यांत फोडले, आणि शेजारच्या गटात कुणी खरीप कांदा घेतलेला असला, तर जोड्या पुन्हा जुळवताना आपल्या गटातही खरीप कांदा उगवतो. तिन्ही टेबले आपापल्या जागी बरोबर असतात आणि पीक पाहणी चुकते. तिघांची एकच रांग ठेवावी. क्षेत्राचा आकडाही तिथेच बसतो.